टाइप-२ सेफ्टी कॅन: कॅन उत्तम, पण वॉशर आणि अर्थिंग तपासूनच घ्या

लाल रंगाचा, जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याचा, १९ लिटरचा कॅन. वर दोन तोंडं: एकातून भरायचं, दुसऱ्याला ओतण्यासाठी धातूची लवचिक नळी. दोन्ही झाकणांना स्प्रिंग, आत जाळी. टाइप-२ सेफ्टी कॅन म्हणतात तो हाच. हे परीक्षण एका ब्रँडचं नाही. यूएल किंवा एफएम या सुरक्षेची चाचणी करणाऱ्या अमेरिकी संस्थांची मान्यता असलेल्या कॅनची बांधणी जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो वॉशरच्या रबरात, नळीच्या दर्जात आणि अर्थिंगच्या जागेत, आणि दुकानदार नेमकं याच तीन गोष्टींबद्दल काही बोलत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. पेट्रोल, हेक्झेन, टोल्युइन, थिनर असलं झटकन पेटणारं द्रव्य रोज थोडं थोडं काढून वापरायचं असेल तर याहून चांगलं भांडं नाही. अ‍ॅसिटोनसाठीही घ्यावा, पण वॉशर कशाचा आहे ते विचारून. गाडीच्या डिकीत ठेवायला किंवा महिनोन् महिने माल साठवायला घेणार असाल तर मात्र घेऊ नका. त्या कामासाठी तो बनवलेलाच नाही.

साध्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काय बिघडतं, हे आकड्यांत बघितलं की या कॅनची गरज पटते. अ‍ॅसिटोनचा ज्वलनांक (ज्या तापमानापासून द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते तो) उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही त्याच्या तोंडाशी पेट घेण्याजोगी वाफ असते. ही वाफ हवेच्या दुप्पट जड. वर न जाता जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. १ लिटर अ‍ॅसिटोन सांडून पूर्ण उडालं तर सव्वातीनशे लिटर वाफ तयार होते. हवेत २.५ टक्के वाफ झाली की पेट घ्यायला पुरे, म्हणजे तेवढ्या वाफेने सुमारे १३ घनमीटर हवा स्फोटक होऊ शकते. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच खोली म्हणजे साधारण एवढीच जागा. प्रत्यक्षात वाफ खोलीभर सारखी पसरत नाही, खाली साठते. त्यामुळे पायाशी धोका याहून लवकर तयार होतो.

आता जाळीबद्दल, कारण या कॅनचा जीव जाळीत आहे आणि लोक सर्वांत आधी काढून फेकतात तीही जाळीच. दोन्ही तोंडांत बोटासारखी लांब, छिद्रं पाडलेल्या पत्र्याची किंवा स्टेनलेस तारेची जाळी असते. ज्योत बारीक छिद्रांतून जाऊ लागली की धातू तिची उष्णता ओढून घेतो, पलीकडची वाफ पेटण्याइतकी तापत नाही आणि ज्योत तिथेच विझते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांच्या दिव्याला जाळी लावली ती याच तत्त्वावर.

जाळी कुठे जास्त कामाची, याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ज्याचा ज्वलनांक सर्वांत कमी, त्याचा कॅन आतून सर्वांत धोकादायक, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. बंद कॅनमध्ये २० अंशांना अ‍ॅसिटोनची वाफ साधारण २४ टक्क्यांपर्यंत जाते. जळायची वरची मर्यादा १३ टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे आतली वाफ जळण्यापलीकडे दाट असते. टोल्युइनचं उलट: त्याच तापमानाला आत जेमतेम ३ टक्के वाफ आणि जळण्याची कक्षा साधारण १.१ ते ७.१ टक्के. म्हणजे टोल्युइनचा बंद कॅन साध्या हवामानातही आतून स्फोटक मिश्रणाने भरलेला असतो. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि इथेनॉलचंही तेच. अर्धा रिकामा इथेनॉलचा कॅन उघड्या ज्योतीजवळ ओतला की आतलं मिश्रण पेटून तोंडातून ज्वाळेचा फवारा काही फूट लांब जातो. समोर उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. अमेरिकेने २०२० मध्ये कायदा करून इंधनाच्या साध्या कॅनांनाही ज्योत अडवणारा भाग सक्तीचा केला, तो याच प्रकारच्या अपघातांमुळे. आणि अ‍ॅसिटोनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ओतताना बाहेरची हवा आत शिरते, वाफ पातळ होते आणि काही वेळ आतलं मिश्रणही जळण्याच्या कक्षेत येतं.

तर मग लोक जाळी का काढतात? भरताना वेळ लागतो म्हणून. पंपाचा नोझल जाळीला अडतो, द्रव मागे उसळतो, नोझल आपोआप बंद होतो, की घाईत कोणीतरी पक्कड घालून जाळी उपटतो. दुसरं कारण म्हणजे रंग, रेझिन किंवा चिकट द्रव भरला की छिद्रं बुजतात आणि धार बारीक होते. पहिल्याला उपाय सावकाश भरणं. दुसऱ्याला उपाय नाही, कारण हा कॅन दाट द्रवासाठी नाहीच. बुजलेली जाळी बाहेर काढून त्याच सॉल्व्हेंटमध्ये भिजवायची, मऊ ब्रशने झाडायची. खिळा किंवा तार घालून छिद्रं मोकळी करू नका. एक छिद्र मोठं झालं तरी ज्योत तिथूनच आत जाते, बाकीची शंभर छिद्रं शाबूत असून उपयोग नाही. खरेदी करताना जाळी सुटी मिळते का ते विचारा. ज्या कंपनीची मिळत नाही, तिचा कॅन घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे दाब सोडणारं झाकण. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण २० ते ३५ किलोपास्कलने वाढला की स्प्रिंग थोडी उचलते, वाफ बाहेर जाते आणि झाकण पुन्हा बसतं. कॅन आगीत सापडला तर तोंडाशी ज्योत जळत राहते, जाळी ती आत जाऊ देत नाही, पत्रा फाटत नाही. आटे घट्ट आवळलेला साधा डबा अशा वेळी फुटतो आणि सगळा माल एका क्षणात आगीत ओततो.

पण या गुणाची दुसरी बाजू जाहिरातीत छापलेली नसते. २० अंशांना भरलेला अ‍ॅसिटोनचा कॅन उन्हात ४० अंशांपर्यंत तापला तर नुसत्या अ‍ॅसिटोनच्या वाफेचा दाब साधारण २४ वरून ५६ किलोपास्कलवर जातो. आत कोंडलेल्या हवेचा वाढलेला दाब त्याच्यावर. म्हणजे झाकण उचलणारच, आणि वाफ बाहेर येणारच. कॅन खराब नाही, तो त्याचं काम करतोय. म्हणूनच हा कॅन बंद गाडीत, डिकीत किंवा खिडक्या नसलेल्या कोठारात ठेवायचा नाही. वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या खुणेचं वेगळं भांडं लागतं, सेफ्टी कॅनची मान्यता तिथे चालत नाही. आणि वास येतोय म्हणून झाकणाला तार गुंडाळणारे, चिकटपट्टी लावणारे लोक असतात. ते सेफ्टी कॅनचा पुन्हा साधा डबा करून ठेवतात, त्यापेक्षा थोडा जास्त धोकादायक, कारण आता सगळे त्याला सुरक्षित समजून चालतात.

वॉशर हा या कॅनचा खरा कच्चा दुवा. बहुतेक कॅन पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून बनतात आणि पेट्रोलला नायट्राइल रबर चालतं. अ‍ॅसिटोनमध्ये नायट्राइल फुगतं, मऊ पडतं आणि काही दिवसांत झाकण नीट बसेनासं होतं. व्हिटॉन हे दुसरं कृत्रिम रबर महाग असल्यामुळे ते सगळ्याला चालेल असं अनेकांना वाटतं. टोल्युइन आणि पेट्रोलला ते छान, पण अ‍ॅसिटोनला तेही निकामी. ईपीडीएम या तिसऱ्या रबराचं नेमकं उलटं: अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोलला उत्तम, टोल्युइन, हेक्झेन, पेट्रोलला अजिबात नाही. सगळ्यांना पुरून उरतं ते टेफ्लॉन. फक्त ते रबरासारखं दबत नाही, त्यामुळे झाकणाची कड वाकडी असेल तर टेफ्लॉनचा वॉशर पाझरतो. एका कॅनमध्ये आज थिनर, उद्या अ‍ॅसिटोन असं करणाऱ्यांनी टेफ्लॉनच घ्यावा. खरं तर कॅनच वेगळा ठेवावा. थिनरचं तर घटकद्रव्यांवरच अवलंबून असतं: त्यात टोल्युइनबरोबर अ‍ॅसिटोन किंवा त्याच्याच जातीची इतर द्रव्यं (कीटोन) असतील तर व्हिटॉन आणि ईपीडीएम दोन्ही वाया. नळीच्या मुळाशी जो ओ-रिंग (गोल कडीसारखा वॉशर) असतो त्याकडे कोणी बघत नाही, आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. ओतायची नळी ओली दिसली की आधी तो तपासा.

आता अर्थिंग. द्रव नळीतून वाहतो तेव्हा स्थिर वीज तयार होते. टोल्युइन, हेक्झेन, पेट्रोल वीज फारशी वाहू देत नाहीत, म्हणून त्यांच्यात ती साठून राहते. अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोल वीज बऱ्यापैकी वाहू देतात, पण कॅन जमिनीपासून तोडलेला असेल तर तिथेही विजेचा भार कॅनवर साठतो. टोल्युइनची वाफ पेटवायला ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. माणसाच्या बोटाला झटका जाणवायला सुरुवात होते तीच साधारण १ मिलिज्यूलच्या आसपास. म्हणजे 'मला काही झटका लागला नाही' या वाक्याला इथे काहीच अर्थ नाही.

कॅन धातूचा आहे एवढ्यावर भागत नाही. वरचा लाल पावडर कोटिंगचा रंग वीज अडवतो. बॉन्डिंग वायरचा (कॅन आणि ड्रम एकमेकांना जोडणाऱ्या तारेचा) साधा मगर-क्लिप हँडलला लावला की काम झालं असं दिसतं, पण क्लिप रंगावरच बसलेला असतो. हँडल ज्या खिळ्यावर फिरतं तिथेही रंग किंवा गंज असतो, म्हणून हँडलपासून बॉडीपर्यंत जोडणी पक्की नसते. चांगल्या मॉडेलला बॉडीवर पितळी पट्टी किंवा उघड्या धातूचा कान दिलेला असतो. तो नसेल तर टोकदार स्क्रूचा, रंग फोडून पत्र्यात रुतणारा सी-क्लॅम्प वापरावा. तपासायला मल्टिमीटर पुरे: कॅन रिकामा, धुऊन वाळवलेला, आणि जागा वाफेपासून लांब असताना क्लॅम्प ते बॉडी मोजा. स्थिर वीज जमिनीत जायला १० लाख ओहमचा मार्गही चालतो. पण धातू-धातूच्या जोडात १० ओहमच्या वर आकडा आला तर जोड ढिला किंवा गंजलेला आहे असं समजून तो घासून पुन्हा बसवा. वाफ असलेल्या जागी मल्टिमीटर उघडायचाच नाही.

ड्रममधून भरताना क्रम असा ठेवावा. ड्रम जमिनीशी जोडलेला. ड्रम आणि कॅन यांच्यात बॉन्डिंग वायर, आणि ती झाकण उघडायच्या आधी लावायची, कारण जोडताना ठिणगी पडलीच तर ती बंद झाकणाबाहेर पडावी. कॅन लाकडी स्टुलावर किंवा प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये नाही, जमिनीवर. ड्रमला आपोआप बंद होणारी पितळी तोटी आणि वरच्या बुचाच्या जागी जाळीवाला व्हेंट. तोटीचं तोंड किंवा धातूची नळी कॅनच्या जाळीला टेकलेली हवी, नाहीतर धार वरून पडून फेसाळते आणि भार वाढतो. प्लॅस्टिकचं फनेल मधे आणू नका. वेग सेकंदाला १ मीटरच्या आत. म्हणजे २० मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साधारण १९ लिटर. कॅन भरायला एक मिनिट लागत असेल तर ठीक, अर्ध्या मिनिटात भरला तर वेग फार आहे. भरून झाल्यावर अर्धा मिनिट थांबा, झाकण लावा, मग वायर काढा.

काठोकाठ भरू नका. अ‍ॅसिटोन दर अंशाला सुमारे ०.१४ टक्के फुगतं. १९ लिटर माल ३० अंशांनी तापला तर जवळजवळ ८०० मिलिलिटर वाढतो. जागा नसली तर ते दाब सोडणाऱ्या झाकणातून वाफ म्हणून नाही, द्रव म्हणून बाहेर येतं. १८ लिटरवर थांबावं. गाडीच्या हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर कॅन तिथे ठेवून पेट्रोल भरायचं नाही, खाली जमिनीवर उतरवूनच भरायचं.

ओतायला टाइप-२ खरंच सुखाचा आहे. ट्रिगर दाबला की हवा आत घ्यायची वाट वेगळी उघडते, त्यामुळे धार गचके न खाता सरळ पडते. टाइप-१ला एकच तोंड, तिथे द्रव गटांगळ्या खात येतो आणि लहान बाटलीत ओतताना हमखास सांडतो. नळी दोन मापांत मिळते: २५ मिलिमीटरची टाकीसाठी, १६ मिलिमीटरची लहान तोंडांसाठी. लहान भांडी भरणाऱ्यांनी १६चीच घ्यावी. तक्रार एवढीच की भरलेला कॅन वीस किलोच्या आसपास जातो आणि एका हाताने तिरका धरून ट्रिगर दाबणं मनगटावर येतं. रोज एक-दोन लिटरच लागत असेल तर साडेसात लिटरचा लहान कॅन घ्या. मालही कमी उघडा राहतो.

हातमोज्यांचा उल्लेख कॅनच्या परीक्षणात खटकेल, पण ओतताना नळीचं टोक हातावर ठिबकतंच. निळे पातळ नायट्राइलचे मोजे अ‍ॅसिटोन काही मिनिटांतच आत सोडतात. अ‍ॅसिटोनला ब्युटाइल रबरच लागतं.

प्लॅस्टिकचा, म्हणजे एचडीपीई या टणक पॉलिथिनचा सेफ्टी कॅन आम्लयुक्त किंवा गंजवणाऱ्या द्रवांसाठी ठीक आहे. टोल्युइन त्याच्या भिंतीतून हळूहळू झिरपतं आणि कॅन फुगल्यासारखा दिसतो. साध्या एचडीपीईला अर्थिंग करता येत नाही. कार्बन मिसळलेला किंवा जाळीपासून बाहेरपर्यंत धातूचा मार्ग दिलेला असेल तरच विचार करावा. स्टीलचा कॅन टाकाऊ सॉल्व्हेंट गोळा करायलाही वापरतात. त्यात पाणी किंवा आम्ल असेल तर तळ आतून गंजतो, बाहेरून पत्ता लागत नाही. नायट्रिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचे अंश असलेला टाकाऊ माल अ‍ॅसिटोनच्या कॅनमध्ये कधीच नको: वायू तयार होण्याचा वेग दाब सोडणाऱ्या झाकणाला झेपत नाही, आणि अ‍ॅसिटोन-पेरॉक्साइडच्या जोडीतून त्याहून वाईट घडू शकतं.

नवा कॅन हातात आल्यावर दहा मिनिटांची तपासणी पुरेशी आहे. दोन्ही झाकणं उघडून सोडा, स्प्रिंगने स्वतःहून खटकन बंद झाली पाहिजेत, बोटाने ढकलावी लागली तर परत करा. बॅटरी दाखवून दोन्ही तोंडांतली जाळी बघा. भरायच्या तोंडात आहे आणि ओतायच्या तोंडात नाही, असे नकली कॅन बाजारात असतात. दोन-तीन लिटर पाणी भरून आडवा करा. मान्यतेच्या चाचणीत तोंडाशी मिनिटाला चार थेंबांपर्यंत गळती चालते, पण नव्या कॅनने एकही थेंब गाळू नये. नंतर पाणी काढून पूर्ण वाळवा, ओलावा राहिला तर शिवणीत गंज तिथूनच धरतो. पुढे दर महिन्याला तळाची कड, शिवण आणि नळीचा सांधा बघितला तरी पुरतं. तळाला पोचा पडला असेल आणि तिथला रंग उडाला असेल तर त्या जागी आतला मुलामाही तडकलेला असू शकतो.

माल दिवसाखेर धातूच्या दुहेरी भिंतीच्या कपाटात गेला पाहिजे. सेफ्टी कॅन म्हणजे कपाट नव्हे. आग लागलीच तर अ‍ॅसिटोन, अल्कोहोलवर साधा फेस टिकत नाही, कारण ते पाण्यात मिसळतात आणि फेस मोडतात. अल्कोहोलरोधक फेस, ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड लागतो. पाण्याचा जोरदार फवारा पेटलेला माल पसरवतो.

कॅन निकामी झाला की भंगारात देण्याआधी उरलासुरला थेंबही गाळून घ्या, दोन्ही झाकणं उघडी ठेवून मोकळ्या हवेत वाळवा, एकदा पाण्याने भरून रिकामा करा, पुन्हा पाण्याने भरा, आणि तळाला एक मोठं भोक पाडा म्हणजे कोणी पुन्हा वापरणार नाही. हे भोक कॅन पाण्याने भरलेला असतानाच, हाताच्या साधनाने पाडायचं. ग्राइंडर, गॅस कटर किंवा वेल्डिंगची ठिणगी जवळ आणायची नाही. टोल्युइनचे काही मिलिलिटर शिल्लक राहिले तरी १९ लिटरचा रिकामा कॅन आतून पेट घ्यायच्या कक्षेत असतो.